उलटे बिल्ले

तिला वाकडं काही खपत नसे. उशीची खोळ उलटी दिसली की ती भरल्या ताटावरूनही उठायची. म्हणून दादाने तिचं नाव ठेवलं होतं पट्टी. आखायची पट्टी असते ना, तीच. हे नाव दादाच्या मागोमाग खाणीपर्यंत पोचलं आणि तिला लॅम्परूममध्ये नोकरी लागली त्या दिवशी तिच्या आधी जाऊन खिडकीत बसलं.

काम तसं सोपं होतं. सकाळी चार्ज केलेला दिवा खिडकीतून ज्याच्या त्याच्या हातात द्यायचा, पाळी सुटली की परत घ्यायचा. खिडकीशेजारी एक लाकडी फळा होता. त्यावर चौसष्ट खिळे आणि चौसष्ट पितळी बिल्ले, माणशी एक नंबर. खाली उतरताना माणूस आपला बिल्ला गळ्यात घाली, वर आला की जागेवर टांगी. खिळा रिकामा म्हणजे माणूस डोंगराच्या पोटात. तिच्या आधी तीस वर्षं त्या खिडकीत बसलेल्या नानांनी निवृत्तीच्या दिवशी, एक डोळा घड्याळावर ठेवून, तिला एवढंच शिकवलं. बाकीचं जे त्यांना ठाऊक होतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

संध्याकाळी फळा पाहिला की पट्टीच्या कपाळाला आठी पडे. एखाद-दोन बिल्ले हमखास उलटे, नंबर फळीकडे. "पुरुषांना एक वस्तू धड ठेवता येईल तर शपथ," असं पुटपुटत ती ते सरळ करी आणि मगच घरी जाई. असे तीन आठवडे गेले. सहा महिने काम बघून कायम करू असं साहेबांनी सांगितलं होतं, आणि कायम होण्यासारखं आपलं काम आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

त्या सकाळी ठोक्याकाका सगळ्यांत शेवटी आले. लोखंडी पहारीने छत ठोकून बघणं हे त्यांचं काम. चांगला दगड खणखणतो, आतून सुटलेला दगड रिकाम्या माठासारखा वाजतो. काकांनी दिवा घेतला, पण खिडकी सोडली नाही.

"पोरी, साहेबांचा काही निरोप?"

"कसला निरोप, काका?"

"अगं, तीन आठवडे बिल्ले उलटे टांगतोय आम्ही."

"ते मुद्दाम टांगता?"

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. छत कुरकुरलं, खडा पडला, टेकू वाकला, कुणी थोडक्यात वाचलं, की बिल्ला उलटा टांगायचा. नाना तो बघून दोन प्रश्न विचारायचे आणि साहेबांच्या कानावर घालायचे. "फॉर्म भरला की चौकशीत दिवस जातो. शिवाय बाकीचे म्हणतात, घाबरला. म्हणून जुन्यांनी काढलेली रीत. तू विचारलं नाहीस, साहेबही काही बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांनी बघून घेतलं असेल."

"काका, मी ते सरळ करत होते."

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फळ्याकडे बघत राहिले. तीही बघत होती. अडतीस नंबरचा खिळा रिकामा होता. अडतीस म्हणजे दादा. तो बिल्ला तिने चार वेळा सरळ केला होता, आणि भाऊ म्हणून जरा जास्तच चिडून. घरी तो एक अक्षर बोलला नव्हता. खाणीच्या गोष्टी बुटांबरोबर उंबऱ्याबाहेर ठेवायच्या, हा आईचा नियम होता.

"मी खाली जातो, खालच्या सगळ्यांना आणतो," काका म्हणाले. "तू साहेबांना गाठ." एरवी हा माणूस कधी पळत नसे. त्या दिवशी पळाला.

पट्टीने कामवाटपाची वही ओढली. ज्या वाकड्या वस्तूला तिचा हात लागे, ती तिच्या डोक्यातून जात नसे. या खोडीवरून घरात तिची कमी थट्टा झाली नव्हती. तिने आठवून तारखांसह नंबर लिहिले. अकरा माणसं, सव्वीस वेळा. मग प्रत्येक नंबरासमोर त्या दिवशीचं कामाचं ठिकाण, म्हणजे आतला कुठला बोगदा, लिहीत गेली. सातवी गॅलरी, वळण. सातवी, वळण. सातवी, वळण. कागद खालपर्यंत भरला. अकरा जण ठिकाणाबद्दल एकमेकांशी बोलले नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं, तिथे आपल्यालाच ऐकू येतंय. आणि अकराही बोटं छताच्या त्याच चार हात लांब तुकड्याकडे होती. एवढा मोठा डोंगर तीन आठवडे सांगत होता, या माणसांनी ते अंधारात, यंत्रांच्या आवाजात ऐकलं होतं, आणि ती रोज संध्याकाळी ते नीटनेटकं पुसून घरी जात होती.

सेफ्टी साहेब नाकासमोर चालणारा माणूस. त्यांच्यासमोर महिन्याचा अहवाल होता, आणि किरकोळ घटनांच्या रकान्यात निरंक लिहिलेलं होतं.

"फॉर्म कुठाय?" त्यांनी विचारलं.

"नाहीये साहेब. सगळं मला आठवतंय."

"तुमच्या आठवणीवर खाण रिकामी करू? आत काहीच झालं नाही तर वरचे मला धारेवर धरतील."

"मग मला धरू देत." तिने त्यांच्याच टेबलावरचा कोरा फॉर्म घेतला आणि उभ्याउभ्या भरला. कळवणाऱ्याचं नाव, स्वतःचं. तपशिलात लिहिलं, 'बिल्ले उलटे होते. मी सरळ केले. चूक माझी.' खाली सही केली. या सहीबरोबर नोकरी जाणार हे तिला कळत होतं, पण तिच्या डोळ्यांपुढे अडतीस नंबरचा खिळा होता.

साहेबांनी तिने आणलेल्या यादीवर बोट ठेवलं. बोट निम्म्यापर्यंत आलं आणि थांबलं. मग त्यांनी खाणीत जोडलेला फोन उचलला. "सगळे वर. सातवी आधी."

माणसं वर येऊ लागली. कुरकुरत, हसत, बिल्ले टांगत. "पट्टीने आज सुट्टी दिली बरं का," कुणीतरी म्हणालं. तास गेला. डोंगर गप्प होता. बासष्ट बिल्ले आले. काकांचा आणि अडतीसचा खिळा रिकामाच. आत कुणी मागे राहिलंय का ते बघायला दोघं फोनपासून लांब फिरत होते, असं शेवटी वर आलेल्यांनी सांगितलं.

आधी मांडणीवरचे दिवे थरथरले. मग खाणीच्या तोंडातून वारा आला. कागद उडाले, खिडकी आपटली आणि बासष्ट बिल्ले एकदम वाजले. त्यामागून आवाज आला, लांब, खोल, डोंगराने कूस बदलावी तसा. तो थांबतच नव्हता. कशावरही विनोद करणाऱ्या त्या माणसांनी डोक्यावरची हेल्मेटं काढली. पट्टी हा डोंगर जन्मापासून बघत आली होती. त्याला वजन आहे हे तिला आज कळलं, आणि त्या वजनाखाली रोज डबा घेऊन जाणारी ही माणसं तिला पहिल्यांदा दिसली. आपण किती लहान, आणि हे किती मोठं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं.

धुळीतून दोघं चालत आले. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे.

"वळणापासून पुढे सातवी नाही राहिली," काका म्हणाले. "आम्ही उतारावर होतो. वाऱ्याने ढकलूनच वर आणलं."

दादाने गळ्यातला बिल्ला काढला. खिळा तीनदा चुकला. मग टांगला, सवयीने, नंबर फळीकडे. पट्टीचा हात पुढे झाला आणि तिने तो मागे घेतला.

साहेब तिचाच फॉर्म घेऊन खिडकीशी आले. "एक रकाना राहिलाय," ते हळू म्हणाले. "तो तुम्हीच भरा."

जखमींची संख्या. तिने पेन हातात घेतलं, पण लगेच लिहिलं नाही. वाऱ्याने निम्मा फळा उलटा झाला होता. एकापासून चौसष्टपर्यंत, उलटे-सुलटे सगळे बिल्ले तिने बोट लावून मोजले, पुन्हा एकदा मोजले, आणि मग लिहिलं : निरंक.