आजी जेवतात कुठे?

शाळेतल्या बाई जनगणनेला आल्या तेव्हा आजी दाराशी खुर्ची टाकूनच बसल्या होत्या.

"एक कुटुंब, सहा माणसं. लिहा."

"आजी, आत तरी येऊ द्या," बाई चप्पल काढत म्हणाल्या.

आजींना हे काम नवं नव्हतं. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी त्यांची या घरातली पहिली गणना झाली. तेव्हा घरात दोन माणसं आणि मागे वीटभट्टी. पुढच्या खेपेला सात, कारण कामाच्या शोधात शहरात आलेले दीर एकामागून एक इथेच टेकले आणि व्हरांड्यात ओळीने झोपू लागले. एकदा तर आकडा अकरावर गेला. मग दिरांनी आपापली बिऱ्हाडं केली, मुली सासरी गेल्या, यजमान गेले. वीटभट्टीच्या जागी चार इमारती उभ्या राहिल्या. इतकं होऊनही दारावर खडूने पडणारा कुटुंबाचा क्रमांक दर वेळी एकच असे. आजींना त्या एका आकड्याचं फार अप्रूप होतं.

"एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, एवढाच आमचा नियम," बाई म्हणाल्या.

"मग मागच्या गॅलरीतली माझी शेगडी बघून घ्या," धाकटी सून म्हणाली.

"ती चहापुरती आहे," आजी घाईने म्हणाल्या.

"चहाला कुकर लागतो होय?" थोरली ओट्यापाशी उभी होती. "शिट्टी सगळ्या गल्लीला ऐकू जाते."

भांडण असं झालंच नव्हतं. धाकटीची कामाची पाळी दुपारची, घरी यायला रात्रीचे नऊ वाजत. थोरलीचा ओटा आठला धुऊन कोरडा होई आणि मग त्यावर पाण्याचा थेंब चालत नसे. चार महिन्यांपूर्वी धाकटीने गॅलरीत शेगडी मांडली.

बाईंनी दुसरा फॉर्म काढला. थोरला मुलगा, त्याची बायको आणि मुलगी एकात, धाकटा आणि त्याची बायको दुसऱ्यात. पेन थांबलं.

"आजी जेवतात कुठे?"

"इथे. सकाळचं माझ्याकडेच असतं," थोरली म्हणाली.

"आणि रात्रीचं माझ्याकडे," धाकटी म्हणाली. "आठच्या आत त्यांना भूकच नसते."

"नाव एकीकडेच येतं हो. दोन्हीकडे लिहिलं तर शहरात एक माणूस जास्त होईल. आजी, तुम्हीच सांगा."

दोघी सुना आजींकडे बघत राहिल्या. जिचं नाव घ्यावं तिचं ठीक, दुसरी मात्र पुढची गणना येईपर्यंत ते विसरणार नव्हती. आजींनी पदर सारखा केला.

"मला तिसरा फॉर्म द्या."

"अहो, पण तुमची चूल कुठाय?"

"खोलीत इलेक्ट्रिक शेगडी आहे, पाणी तापवायची. आजपासून माझा स्वयंपाक तिच्यावर."

"आमच्यावर रुसलात का?" धाकटीने विचारलं.

"रुसायचं काय त्यात? लिहिलेलं खोटं पडू नये, एवढंच."

बाईंनी दारावर तीन क्रमांक लिहिले. आजी उठून बघायला आल्या. त्यांनी बोट लावून खडू पुसला जातो का ते पाहिलं, मग हात मागे घेतला.

"गेल्या वेळी या गल्लीत माणसं जास्त होती, नाही?"

"हो. यंदा माणसं कमी नि फॉर्म जास्त. फक्त तुमच्याकडेच नाही, अख्ख्या गल्लीत तेच."

दहा दिवसांनी तपासणीला एक साहेब आले. ओट्यावर दूध तापत होतं, गॅलरीत कुकर चढला होता आणि आजींच्या खोलीत लहान पातेल्यात भाजी शिजत होती. साहेबांनी तीन खुणा केल्या. आजींनी त्यांना बसवून चहाचं आधण ठेवलं, दूध थोरलीकडून आणलं, साखर धाकटीकडून.

कप हातात घेत साहेबांनी फॉर्म पुन्हा वाचला.

"म्हणजे आजी, तुम्ही एकट्याच राहता?"

"एकटी कशी?" आजी म्हणाल्या. "घरात सहा माणसं आहेत."