पर्जन्यमापकाचं लग्न

कार्तिक लागला त्या आठवड्यात बंगळुरावर निळं, कोरडं, स्वच्छ आभाळ होतं आणि आमच्या गवीपुरममध्ये मात्र रोज पाऊस पडत होता. निदान आमच्या फळ्यावर तरी तसं लिहिलेलं होतं.

हा फळा समाजमंदिराच्या ओसरीत टांगलेला होता. मी भौतिकशास्त्र घेऊन नुकतीच बी. एस्सी. झाले होते. जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हा एकत्र येऊन पृथ्वीची मोजमापं घेत होते. त्या वर्षाला भूभौतिकी वर्ष म्हणत. त्या धामधुमीत आमच्या वेधशाळेलाही वाटलं की मुलांना हवामान शिकवावं. वस्तीवस्तीत रविवारचे वर्ग निघाले. गवीपुरमच्या मराठी मुलांचा वर्ग माझ्याकडे आला आणि वर्गासाठी वेधशाळेनं एक खराखुरा पर्जन्यमापक उसना दिला. यंत्र अगदी साधं. वर पितळी काठाचं नरसाळं, खाली बाटली. पाऊस नरसाळ्यात पडतो, बाटलीत साठतो आणि सकाळी खुणा केलेल्या काचेच्या पेल्यात ओतून मोजायचा.

चौथरा बांधायला विठोजी गवंडी आला. मी त्याला आकृती काढून दिली : चौकोनी, विटांचा, अंगणात उघड्यावर, झाडांपासून लांब. त्यानं तंतोतंत तसा बांधला. फक्त पुढच्या बाजूला स्वतःच्या मनानं एक छोटा कोनाडा ठेवला. मला तो फारच आवडला, कारण मापाचा पेला त्यात नेमका बसत होता. विठोजीनं आजवर असे किती चौथरे बांधले आणि कशासाठी, हे विचारायचं मला काही सुचलं नाही.

मग हा पाऊस सुरू झाला. रविवारी मी वर्गासमोर उभी राहिले.

"मनानं आकडे कोण लिहितंय?"

प्राणेशचे कान लाल झाले. वर्गातला सगळ्यांत बोलका मुलगा तो. "देवाशप्पथ अक्का, बाटलीत पाणी असतं! काल तर तुळशीचं पानपण होतं."

"आणि ते कुठून आलं?"

"पावसाबरोबर."

"ढगात तुळस उगवते का रे?" कौशल्या म्हणाली. ही त्याच्या निम्म्या उंचीची, पण वादात कधी हरलेली कुणी पाहिली नव्हती.

"वादळात मासे पडतात म्हणून अक्कांनीच सांगितलं! मासे पडतात तर पान का नाही?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही तिघं विहिरीच्या कठड्याआड दबा धरून बसलो. थोड्या वेळानं सकवारक्का आल्या. सकवारक्का म्हणजे भजनी मंडळाच्या अध्यक्षा. उंच बाई, आवाज असा की टाळांची गरजच पडू नये. त्यांनी कोनाड्यातला माझा पेला उचलून बाजूला ठेवला, तिथं निरांजन लावलं, चौथऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि हातातला गडवा नरसाळ्यात ओतला. मग प्रदक्षिणा घालू लागल्या. कठड्याआड प्राणेशनं हसू दाबण्यासाठी स्वतःची मूठ तोंडात कोंबली.

"सकवारक्का, अहो, ते वृंदावन नाही!" मी धावत पुढे गेले.

"चौथरा आहे?"

"आहे."

"दिव्याला कोनाडा आहे?"

"आहे, पण तो..."

"विठोजीनंच बांधलाय ना?"

"हो."

"मग वृंदावनाला आणखी शिंगं असतात काय गं? तुळस तेवढी राहिलीय. द्वादशीला लग्न लावायचंय, तोवर आणते."

"पाऊस मोजायचं यंत्र आहे हे!"

"मोज की. मी कुठं अडवलंय? पण महिनाभर पाणी घालायचा नेम धरलाय मी. तुझ्या वेधशाळेसाठी मोडू?"

नेम मोडा असं त्यांना म्हणण्याची माझी छाती नव्हती. मी पायरीवर बसले. कौशल्या माझ्या शेजारी येऊन बसली.

"अक्का, गडवा रोज तोच असतो. काठोकाठ भरलेला."

"मग?"

"मग तो एकदा मोजायचा आणि रोज वजा करायचा."

कॉलेजात स्थिर चुकीवरचा धडा मला तोंडपाठ होता. तो या चौथऱ्याला लागू पडतो हे मात्र या चिमुरडीला सुचावं! मी तिला उचलून गरकन फिरवलं. सकवारक्कांनीही खळखळ न करता गडवा मोजायला दिला. फक्त म्हणाल्या, "स्वल्प जपून. माहेरचा आहे."

पण आधीचे आकडे मी पोस्टकार्डावर वेधशाळेला पाठवून बसले होते. गुरुवारी निरोप आला : यंत्र सदोष दिसते, शनिवारी संध्याकाळी उपेंद्रराव ते परत न्यायला येतील. यंत्र गेलं म्हणजे वर्ग गेला. आणि वर्ग गेला म्हणजे फुगा गेला. वेधशाळेच्या गच्चीवरून वारा पाहण्यासाठी सोडतात तो मोठा फुगा एक दिवस मुलांच्या हातून सोडायचा, असं ठरलं होतं. महिनाभर मुलं दुसरं काही बोलतच नव्हती.

आणि शनिवारी द्वादशी होती.

संध्याकाळी मी पोचले तर अंगण ओळखू येईना. चौथऱ्याला हिरवं खणाचं कापड गुंडाळलेलं, गळ्यात झेंडूची माळ. पितळी काठ तेवढा उघडा होता, कारण प्राणेश तिथं राखणीला उभा होता. तुळशीची कुंडी त्यानं चौथऱ्याशेजारी खाली ठेवायला लावली होती. उसांवरून तर भांडणच चाललं होतं. मापकाजवळ उंच वस्तू नको, हे मीच शिकवलेलं. कौशल्या बायकांना मागे मागे ढकलत होती. "अजून लांब! ऊस केवढा उंच आहे बघा तरी!" शेवटी चार ऊस अंगणाच्या चार कोपऱ्यांत जाऊन उभे राहिले. एवढा ऐसपैस मांडव आमच्या समाजात कुणाच्याच लग्नाला पडला नव्हता.

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. उपेंद्रराव आले. सडपातळ, चष्मा लावलेले, हातात छत्री आणि कॅरिअरला गोणपाट आणि सुतळी. ते गोणपाट पाहून मुलं चौथऱ्याला चिकटून उभी राहिली.

उपेंद्ररावांनी नटलेल्या यंत्राकडे बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"हे काय आहे?"

"लग्न," कौशल्या म्हणाली.

मी बोलायला तोंड उघडलं, पण ती सुटलीच होती. "सर, यंत्र सदोष नाही. सकवारक्का रोज एक गडवा पाणी घालतात. हा बघा गडवा, हा पेला. गडवा एवढा भरतो. तुम्हाला पाठवलेले आकडे काढा आणि वजा करा."

उपेंद्ररावांनी खिशातून माझी पोस्टकार्डं काढली. आधी उभ्यानं वजाबाकी केली, मग चौथऱ्याच्या कडेला टेकून केली. दर कोरड्या दिवसाचं उत्तर शून्याला चिकटून येत होतं. एका ठिकाणी ते अडले.

"या दिवशी दुप्पट आहे."

"त्या दिवशी पाडवा होता," प्राणेश म्हणाला. "पाडव्याला दोन गडवे."

उपेंद्ररावांच्या ओठांचा कोपरा हलला. पण माणूस नियमाचा. "हुशार आहात. तरी यंत्र सरकारी आहे. त्याच्यावर क्रमांक आहे."

"असू दे," सकवारक्का पुढे आल्या. "माझ्याही दंडावर गोंदलंय. मी काय सरकारची झाले? नवरी कुणाच्या घरून आली?"

"वेधशाळेतून," मुलं ओरडली.

"मग वधूपिता हेच! सरी, ठरलं तर! अण्णा, चपला काढा. कन्यादानाला कुणीच नव्हतं बघा. बरे वेळेवर आलात."

"अहो बाई, मी ते उसनं दिलंय!"

"लेक उसनी देतात होय कुणी?"

साऱ्या बायका हसल्या. उपेंद्ररावांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. मी उसाकडे बघू लागले. शेवटी ते खाली वाकले आणि एक एक करून चपला काढल्या. सकवारक्कांनी त्यांच्या हातावर पाणी सोडलं. बाळकृष्णाची मूर्ती ताम्हनात समोर आली, अंतरपाट धरला गेला, भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली.

मद्रासकडे वादळ आहे हे सकाळी रेडिओनं सांगितलंच होतं. दुसऱ्या कडव्याला पूर्वेचा वारा उठला. "सावधान" म्हणताच अक्षता उडाल्या आणि अक्षतांमागोमाग टपोरे थेंब आले.

बायका ओसरीत पळाल्या. भटजी मूर्ती पदराआड, म्हणजे उपरण्याआड, घेऊन पळाले. अंगणात उरली फक्त मुलं, मी आणि वधूपिता. त्यांनी सवयीनं छत्री उघडली.

"सर, छत्री!" कौशल्या किंचाळली. "यंत्राच्या अगदी जवळ आहे! लांब न्या!"

उपेंद्ररावांनी छत्रीकडे पाहिलं, नरसाळ्याकडे पाहिलं, आणि छत्री मिटून टाकली. डोक्यावरून पाणी ओघळत असताना ते मोठ्यानं, अगदी पोटातून हसले. मग कुणालाच आवरेना. प्राणेश नवरीभोवती नाचू लागला, बाकीची त्याच्यामागे, आणि ओसरीतून सकवारक्का ओरडत होत्या, "अरे, प्रदक्षिणा उजवीकडून!"

पाऊस स्वल्प कमी झाला तसे उपेंद्रराव निघाले. "उद्याचं मोजमाप नीट घ्या," मला म्हणाले. "आजचा गडवा वजा करा. दूध, मध घातलं असेल तर तेही. आणि अक्षता."

"आणि यंत्र?"

"यंत्राचं काय? दिल्या घरी नांदू दे."

कौशल्यानं त्यांची सायकल धरली. "सर, आमचा फुगा कुठल्या रंगाचा असेल?"

"आभाळ निळं असलं तर पांढरा. ढग असले तर लाल."

"मग ढगच असू देत!"

कॅरिअरवरचं गोणपाट सोडून त्यांनी त्याची खोळ केली, ती डोक्यावर ओढली आणि घंटा वाजवत, चिखल उडवत नवरीचा बाप रिकाम्या कॅरिअरनं घरी गेला.