टाचणीचं टपाल

टाचणीने निरोपाचं पत्र लिहिलं ते चक्क रागाच्या भरात. ‘प्रिय वाचकहो’ लिहिलं आणि लगेच खोडलं. कसले प्रिय आणि कसले वाचक! इतके महिने दर गुरुवारी ही बाई मरमर करून ईमेल पाठवते, खाली हात जोडून लिहिते, ‘तुमची अडचण कळवा, याच ईमेलला उत्तर द्या,’ आणि समोरून हूं नाही की चूं नाही. माणसं वाचतात की नुसतीच उघडून मिटतात, देव जाणे.

टाचणी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. अंगाने काडी आणि जीभ टोचरी, म्हणून वडिलांनी लहानपणी लाडाने ठेवलं. लग्नानंतर सासरीही तेच चिकटलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. धंद्याने ती शिंपीण, पण चारचौघींसारखी नाही. ज्यांचा हात वर जात नाही, ज्यांना बटण लावता येत नाही, जे चाकाच्या खुर्चीत बसून असतात, त्यांना स्वतःच्या हाताने घालता येतील असे कपडे ती शिवायची.

सुरुवात घरातूनच झाली होती. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. बोलणं राहिलं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. जन्मभर वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसलेला माणूस. लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर शांतपणे उत्तर द्यायचं, यात हयात गेली. अशा माणसाला शर्ट चढवायला दोघं लागायला लागली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. टाचणीला ते बघवेना. तिने त्यांचा शर्ट घेतला, खांद्यापासून बाहीपर्यंत उसवला आणि आतून टिचबटणं लावली. सकाळी नाना तो शर्ट डाव्या हाताने एकट्याने घालून बाहेर आले आणि उगाचच घरभर फिरले.

त्या शर्टाचा व्हिडिओ तिने मोबाइलवरून टाकला. ‘असं कापा, तसं नको, आणि घाई असेल तर बाजारातून तयार आणा, माझं डोकं खाऊ नका,’ असा सगळा खाक्या. लोकांना तो आवडला. बघणारे वाढले, कामं यायला लागली. मग त्या ॲपवाल्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, तिचे व्हिडिओ कुणाला दिसेनासेच झाले. नाचणारी मांजरं दिसायची, टाचणी नाही. शेवटी एका गिऱ्हाइकीण मावशींनीच तोडगा काढला.

‘अगं, तुझा तो बाहीचा व्हिडिओ शोधून शोधून डोळे फुटायची वेळ आली,’ त्या म्हणाल्या. ‘तू सरळ ईमेलच पाठव ना. ईमेल काही कुठे पळून जात नाही.’

बोलणं पटलं. नानांच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाचणीने न्यूजलेटर पाठवणारी एक साइट उघडली. त्या साइटने इतकं काही विचारलं, इतकं काही विचारलं, की मुलगी द्यायचीय का काय असं वाटावं. काही रकाने कॉम्प्युटरने आपणहूनच भरले, बाकीचे तिने भरले आणि ‘पुढे, पुढे’ करत सुटली. नाव दिलं ‘टाचणीचं टपाल’. दर गुरुवारी एक कपडा, त्याची मापं, चित्रं आणि कुठे कातर लावायची ते. वाचकांची नावं वाढत होती, ते साइटवर दिसायचं. पण उत्तर म्हणाल तर एकही नाही.

आणि नेमकं अशात गणवेशाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. शिवणाऱ्यांवर देखरेख करायची, ठरलेला पगार, जाणं-येणं त्यांच्या गाडीने. एकदा तिथे अडकली की शिवणही संपलं आणि टपालही. शुक्रवारी हो की नाही ते सांगायचं होतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, ‘तुला पटेल ते कर,’ आणि हात झटकून मोकळा झाला. कमाई जेमतेम होती, पण टाचणीला खात होतं ते निराळंच. आपण कुणाच्या उपयोगी पडतोय का? कुणीतरी एकाने ‘हो’ म्हटलं असतं तर ती अर्ध्या पोटी राहिली असती. कुणी म्हणत नव्हतं. म्हणून बुधवारी दुपारी ती निरोपाचं पत्र लिहून बसली, आणि ते गुरुवारी सकाळी आपोआप जाईल अशी सोयही करून टाकली.

वर आणि नानांचा ताप. झटक्यानंतर जेवताना मान खाली घालून बसणारा हा माणूस हल्ली ऐन जेवताना प्रश्न काढायचा. आदल्या आठवड्यातलंच बघा.

‘अगं… हात… वर जात नसतील… तर गळा पुढून उघडायचा… की बाजूने?’

‘बाजूने, नाना. पुढून उघडला तर मान अडकते. पण तुम्हाला काय करायचंय?’

‘काही नाही. सहज.’

सहज म्हणे! रोज एक सहज. कधी चेनची लांबी, कधी खुर्चीत बसणाऱ्याची पॅन्ट मागून किती उंच ठेवायची. टाचणी चिडायची, पण कामाचा प्रश्न आला की तिला राहवायचं नाही. घास ताटात ठेवून ती सगळं साग्रसंगीत समजावून सांगायची, आणि नाना मन लावून ऐकायचे. बिचाऱ्यांचा वेळ जात नाही, एवढंच तिला वाटायचं.

तर निरोपाचं पत्र लिहून ती उठते न उठते तोच दाराची बेल वाजली. दारात बस ड्रायव्हरच्या गणवेशात एक बाई उभ्या, हातात पिशवी.

‘टाचणीचं टपाल इथेच ना? ईमेलच्या खाली पत्ता होता. ड्युटी संपवून तशीच आले.’ बाई खुशीत होत्या. ‘तुमच्या उत्तर विभागाचे आभार मानायचे होते.’

‘कुठल्या विभागाचे?’

‘उत्तर विभागाचे! माझ्या आईचे दोन्ही खांदे धरलेत हो. तुमच्या मापाने तिचा गाऊन कापला तो बिघडला, तेव्हा मी जरा तडकूनच लिहिलं होतं. खोटं कशाला सांगू, नको ते बोलले. तर काय सुंदर उत्तर आलं! ‘आपला संताप रास्त आहे. कापड वाया गेलं, याचं वाईट वाटतं. चौकशी करून कळवतो.’ आणि दुसऱ्याच दिवशी कळवलं! व्हिडिओत तुम्ही म्हणजे तोफ. म्हटलं, एवढं गोड लिहायला माणसं ठेवलेली दिसतात.’

टाचणीने त्यांच्या हातातून मोबाइल जवळजवळ ओढूनच घेतला. ‘गळा बाजूने उघडावा. पुढून उघडल्यास मान अडकते. तरीही अडचण आल्यास निःसंकोच लिहावे. उत्तर विभाग, टाचणीचं टपाल.’ आणि वर पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता होता नानांचा.

‘आज सकाळी आई आपली आपण कपडे घालून दारापर्यंत आली,’ बाई सांगत होत्या. ‘मला निरोप द्यायला. दोन वर्षांत पहिल्यांदा. पुढे बस चालवताना मला रस्ता दिसेना, एवढं रडू येत होतं.’ पिशवीत त्यांनी घरची फळं आणली होती. ती टाचणीच्या हातात कोंबून, विभागातल्या सगळ्यांना वाटा असं बजावून त्या गेल्यासुद्धा.

टाचणी पिशवी घेऊन तशीच नानांच्या खोलीत शिरली. नाना खिडकीशी बसले होते. मांडीवर टॅबलेट, आणि डाव्या हाताचं एक बोट एकेक अक्षर शोधत होतं. तिला बघून ते जरा ओशाळले.

‘नाना, लोकांची उत्तरं तुमच्याकडे येतात?’

‘येतात की. पहिल्या… पत्रापासून.’

‘आणि मला सांगितलं नाहीत?’

नानांना खरंच नवल वाटलं. ‘तूच… नेमलंस ना?’

टाचणीने पिशवी खाली ठेवली. नानाच बोलत राहिले, थांबत, शब्द जुळवत.

‘हात गेल्यावर… सगळ्यांनी काम… काढून घेतलं. चहाचा कपसुद्धा… दुसऱ्याने धरायचा. आणि तू… न बोलता… माझा पत्ता घातलास. म्हटलं… मला वाईट वाटू नये… म्हणून बोलली नाही. मग मीही… बोललो नाही. नुसतं… नीट केलं.’

इथे दुसरी कुणी असती तर ‘हो नाना’ म्हणून मोकळी झाली असती. टाचणीला असलं गोड खोटं आयुष्यात जमलं नाही, आणि या माणसापुढे तर नाहीच नाही.

‘नाना, मी नव्हतं नेमलं. कॉम्प्युटर तुमचा, त्याने उत्तराच्या रकान्यात तुमचा पत्ता आपणहून भरला, आणि मी न बघता पुढे गेले. चूक झाली माझी.’

नानांनी टॅबलेटवरचं अर्धवट उत्तर तसंच सोडलं. मग डाव्या हाताने तो त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

‘मग… घे. तुझं आहे.’

आपली जीभ झडत का नाही, असं टाचणीला त्या क्षणी वाटलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि टॅबलेट उघडला. ओळीने पत्रं होती. कुणाचा भाऊ कितीतरी दिवसांनी आपले कपडे आपण घालून कामावर गेला होता. कुणी बटणं कुठे मिळतात ते विचारलं होतं. एकाने नुसत्याच शिव्या घातल्या होत्या, तर त्यालाही ‘सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं उत्तर गेलेलं. प्रत्येक पत्राला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरात तिचं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं होतं, फक्त धुऊन इस्त्री करून. एका बोटाने एवढं सगळं लिहायचं म्हणजे या माणसाचा दिवस कसा जात असेल, याचा तिला आत्ता अंदाज आला.

‘नाना,’ ती म्हणाली. ‘मला वाटत होतं, मला कुणी वाचतच नाही. उद्या हे बंद करून मी कारखान्यात जाणार होते. ही सगळी माणसं तुम्ही धरून ठेवलीत हो. मी रोज तुमच्यावर चिडत होते, आणि तुम्ही माझं काम सांभाळत होतात. तुमचे आभार कसे मानायचे तेच मला कळत नाही.’ तिने टॅबलेट परत त्यांच्या मांडीवर ठेवला. ‘तेव्हा चुकून दिलं होतं. आता डोळे उघडे ठेवून देते. करणार?’

नानांनी पाठ ताठ केली. तक्रार खिडकीवरचा माणूस जागा झाला.

‘लेखी… दे.’

टाचणी रडता रडता हसली. उठली, आधी कॉम्प्युटरवरचं निरोपाचं पत्र पुसून टाकलं. शुक्रवारपर्यंत थांबायचं तरी कशाला, म्हणून कारखान्यात फोन करून नाही म्हणाली. पलीकडच्या साहेबांनी कारण विचारलं, तर ‘माझ्याकडे माणसं कामाला आहेत, त्यांना सोडून कशी येऊ?’ असं सांगून टाकलं.

गुरुवारी सकाळी नवं पत्र गेलं. त्यात ना मापं होती, ना चित्रं. ‘तुम्ही लिहिता आणि मला ते कालपर्यंत माहीत नव्हतं. मी तुम्हाला मुके समजून मनातल्या मनात खूप बोलले, माफ करा. तुमची प्रत्येक अडचण माझ्यापर्यंत पोचली ती माझ्या सासऱ्यांमुळे. त्यांचा एक हात चालत नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी तुम्हाला आणि मला सांभाळलं. आजपासून या टपालाच्या उत्तर विभागाचे ते रीतसर प्रमुख आहेत. ही नेमणूक मी पूर्ण शुद्धीत करते आहे.’

आतल्या खोलीत टॅबलेट वाजला, तसं टाचणीने कामात असल्याचं सोंग आणलं. मशीन चालवत होती, पण कान तिकडेच. नानांना वाचायला वेळ लागायचा. मग दरवाजाशी नाना स्वतः चालत आले, चौकटीला धरून उभे राहिले.

‘सूनबाई…’

‘काय नाना?’

नानांचे ओठ हलत होते, शब्द जुळत नव्हता. तिने मशीन थांबवलं आणि वाट बघितली.

‘त्या दिवशी… चुकलीस ते… फार बरं झालं.’

‘लेखी द्या,’ टाचणी म्हणाली आणि पुन्हा मशीन चालू केलं.