सहाच कोस

मित्रांनो, घड्यांवर फाटलो, शाई फिकी पडली, एक कोपरा उंदरांनी खाल्ला, तरी मी नकाशाच आहे. डोंगरातल्या एका पायवाटेचा, हातानं काढलेला, कापडावर चिकटवलेला नकाशा. म्हातारपणी सगळे निवळतात म्हणे. मी निवळलो नाही. माझ्या पोटात राग आहे, आणि तो बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडायची नाही. गोडगोड आठवणी ऐकायला बसला असाल, तर आत्ताच उठलेलं बरं.

माझा जन्म १९७४ सालच्या मार्चमधला, परभणीतल्या एका भाड्याच्या खोलीतला. मला काढणारे सूर्यभान सर तिथल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. मूळचे राणीसावरगावचे. छप्पन सालानंतर त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी कॅलेंडरातून कापलेलं हिमालयाचं चित्र. सपाट काळ्या रानात वाढलेल्या या माणसाला डोंगराचं वेड कुठून लागलं, हे त्यांच्या आईला, तानुबाईंनाही सांगता यायचं नाही. सरांनी औरंगाबादच्या एका ग्रंथालयात आठ दिवस ठाण मांडून एका सरकारी नकाशावरून मला उतरवून घेतलं. तानुबाईंनी पिठाची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकलं, आणि मला मांजरपाटावर चिकटवून बाजेवर वाळत घातलं.

"कागदाला एवढं जपायलास," त्या लेकाला म्हणाल्या, "उद्या बायको आली तर तिला तरी जपशील का रं?"

सर हसले आणि माझ्यावर बसू पाहणारी माशी त्यांनी हाकलली. एवढं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

माझ्या अंगावर काय होतं ते नीट ऐका. कुमाऊंच्या डोंगरात, यात्रेकरू फिरकत नाहीत अशा बाजूला, सहा डाकबंगल्यांची एक गोल वाट होती. एका बंगल्यापासून दुसरा एका दिवसाच्या चालीवर. वाटाड्या नाही, हमाल नाही. आपलं ओझं आपल्या पाठीवर घ्यायचं, बंगल्यावर पोचलं की चौकीदाराकडून किल्ली मागायची, चूल पेटवायची, सकाळी झाडलोट करून पुढं निघायचं. फिरत फिरत पुन्हा पहिल्या बंगल्याशी. दोन बंगल्यांमधलं अंतर सरांनी काळ्या शाईनं लिहिलं आणि चढ किती फुटांचा, ते तांबड्या शाईनं. त्या तांबड्या आकड्यांसाठी त्यांनी डोळे फोडून घेतले होते.

सरांबरोबर दोघं निघाले. एक मुख्याध्यापक आबासाहेब, वालूरकडचे मोठे जमीनदार, निजामाच्या अमलात शिकलेले, शिस्तीचे. दुसरे चित्रकला शिकवणारे बन्सीधर. त्यांना आबासाहेबांनीच नोकरीला लावलं होतं, म्हणून आबासाहेब शिंकले तरी हे मान डोलवायचे.

निघायच्या आधी आबासाहेबांनी मला टेबलावर पसरलं, शिवणाचा दोरा घेतला आणि वाटेवर ठेवून अंतर मोजलं. तांबड्या आकड्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. आमच्या मुलखाची ही खोडच आहे. परभणीहून पिंगळीला चालत जा, नाहीतर पिंगळीहून परभणीला या, कोस तेवढेच आणि दमही तेवढाच लागतो. कोस सांगितले की सगळं सांगून झालं, असं आमच्या माणसांना वाटतं. चढ म्हणून काही मोजायचं असतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

मे महिन्याच्या सुट्टीत तीन गाड्या आणि एक बस बदलून आम्ही डोंगराच्या पायथ्याशी पोचलो. पहिले दोन दिवस माझ्या आयुष्यातले खरे दिवस. देवदाराच्या सावलीत सर मला उलगडायचे, बोट ठेवायचे, आणि पुढच्या वळणावर मी सांगितलेला ओढा बरोबर तिथंच वाहत असायचा. "आला का न्हाई ओढा?" सर ओरडायचे. बन्सीधर थांबून चित्र काढायचे. दुसऱ्या बंगल्याच्या ओसरीत तिघांनी खिचडी खाल्ली, आणि समोरचं शिखर तांबूस झालं तेव्हा आबासाहेबसुद्धा ताट बाजूला ठेवून बघत बसले.

मग ते बोलले आणि सगळं बिघडलं.

"उद्या तिसऱ्या बंगल्यात थांबायचं न्हाई. थेट चौथा. एवढीशी फेरी चार दिवसांत उरकली तर जिल्ह्यात नाव होईल."

"सर, चढ बघा," सूर्यभान म्हणाले. "पाच हजार फूट व्हतोय. चौकीदार म्हणायलाय, दुपारनंतर वर बर्फ पडतं."

"तोंडी गोष्ट मी ऐकत नसतो. काय असंल ती दरखास्त द्या."

मित्रांनो, हसू नका. आबासाहेबांच्या शाळेत खडूची पेटी हवी असली तरी लेखी दरखास्त द्यावी लागे, आणि ते तिच्यावर शेरा मारून सही करत. पण इथं, घरापासून शेकडो कोसांवर, बर्फाच्या तोंडाशी? सरांनी कागद शोधला. कागद नव्हता. मग त्यांनी मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवर लिहिलं : 'मा. मुख्याध्यापक यांस. विनंती की, उद्या तिसऱ्या बंगल्यातच मुक्काम करावा. चौथ्यापर्यंत पाच हजार फूट चढ असून दुपारनंतर बर्फ पडते.' खाली सही.

आबासाहेबांनी चष्मा लावला, पेन काढलं आणि लिहिलं : 'सहाच कोस आहेत. दरखास्त नामंजूर.' सही केली, १९ मे तारीख घातली. बन्सीधर कंदील धरून शेजारीच उभे होते. त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं आणि मान डोलवली. आता मी दप्तरातला कागद झालो, म्हणून आबासाहेबांनी मला आपल्याच पिशवीत घातलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिसरा बंगला लागला. चौकीदारानं हात जोडून थांबायला सांगितलं. आबासाहेब पाणी पिऊन पुढं निघाले, आणि त्यांच्या मागं बाकीचे दोघं. तीन वाजता गारा सुरू झाल्या, मग बर्फ. बन्सीधरांच्या पायात कॅनव्हासचे बूट होते, ते भिजून लादी झाले. चार पावलं टाकून ते खाली बसले ते उठेनात. चौथा बंगला अजून दीड मैल वर होता आणि वाट दिसत नव्हती. सूर्यभान सरांनी दोघांना एका कपारीत बसवलं, आपलं घोंगडं बन्सीधरांच्या पायांवर टाकलं आणि एकटे मागं, तिसऱ्या बंगल्याकडे धावले.

आणि मी कुठं होतो? ज्या कागदावर परतीचं प्रत्येक वळण लिहिलेलं होतं, तो कागद आबासाहेबांनी चौपदरी करून आपल्या बुडाखाली घेतला, ओल लागू नये म्हणून! शेजारी बन्सीधर कण्हत होते. त्यांचे बूट काढून पाय चोळावेत, हे आबासाहेबांना सुचलं नाही. उजाडताना सर चौकीदाराला आणि दोन मेंढपाळांना घेऊन आले. सरांचे तळवे फुटून रक्त येत होतं. त्यांनी बन्सीधरांना पाठीवर घेतलं, आणि खाली दवाखान्यात पोचेपर्यंत मेंढपाळांबरोबर पाळीपाळीनं वाहिलं. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, ती कापावी लागली. माझ्यावरच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या बंगल्याची वाट मला हातात घेऊन आजतागायत कोणी चाललेलं नाही.

जूनमध्ये शाळेच्या कमिटीनं चौकशी केली. आबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "नकाशा चुकीचा व्हता. काढला कुणी, ते तुमाला ठावं हाय."

मित्रांनो, मी चुकीचा! माझा एक ओढा चुकला नव्हता, एक फूट चुकला नव्हता. सर म्हणाले, नकाशा आणा, त्याच्या पाठीवर सगळं लिहिलेलं आहे. आबासाहेब म्हणाले, नकाशा वाटेत हरवला. बन्सीधरांना विचारलं. त्यांनी खाली बघितलं आणि "मला काई आठवत न्हाई" म्हणाले. ज्या माणसाच्या पाठीवर बसून ते जिवंत खाली आले, त्याच्यासमोर! कमिटीला पुरावा लागलाच नाही. एका बाजूला वालूरचे आबासाहेब होते, दुसऱ्या बाजूला राणीसावरगावच्या बौद्धवाड्यातला मास्तर. कोणावर घेतलेला आळ लोकांना झटकन पटतो, हे आबासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. "सहकाऱ्याचा जीव धोक्यात घातला" असा ठपका ठेवून सरांना काढून टाकलं. त्यानंतर कुठलीही शाळा त्यांना घेईना. भूगोल शिकवणारा माणूस गावी जाऊन दुसऱ्याच्या रानात रोजंदारीनं कापूस वेचू लागला.

आणि मी त्या वेळी त्याच शाळेत, आबासाहेबांच्या लोखंडी कपाटात होतो. तुम्ही विचाराल, त्यांनी मला जाळलं का नाही? अहो, सही केलेला कागद जाळायचा नसतो! तीस वर्षांची सवय. त्यांनी माझ्यावर आवक क्रमांक टाकला आणि मला नामंजूर दरखास्तींच्या गठ्ठ्यात, लाल फडक्यात बांधून ठेवलं. खोटं बोलायला हा माणूस कचरला नाही, पण कागद फाडायला कचरला. दोन वर्षं मी त्या अंधारात धुमसत होतो.

१९७६च्या उन्हाळ्यात कपाट रंगवायला काढलं. गठ्ठे बाहेर ठेवायचं काम बन्सीधरांकडे आलं. फडकं सुटलं आणि मी त्यांच्या पायाशी पडलो, पाठ वर करून. त्यांनी दरखास्त आणि शेरा दोन्ही पुन्हा वाचले. मग त्यांनी मला सदऱ्याच्या आत घातलं आणि दुसऱ्याच दिवशी राणीसावरगावला नेलं.

सर रानात होते. घरी तानुबाई एकट्या होत्या. बन्सीधरांनी मला त्यांच्यापुढं ठेवलं, पाठीवरचं वाचून दाखवलं आणि रडायला लागले. "माय, मला माफ करा. हे तुमच्या लेकाला द्या. कुणाला सांगू नका मातर, माझी नोकरी जाईल."

तानुबाईंनी मला हातही लावला नाही.

"मास्तर, माझ्या लेकाचं नाव घेतलं तवा शाळंत किती माणसं व्हती?"

"लय व्हती."

"सगळ्यांसमोर घेतलं, आन आता माघारी द्यायला मागल्या दारानं आलाव? उचला ते. जिथनं नेलं तिथं नेऊन द्या. माझा लेक कापूस येचून खाईल, पण चोरून दिलेलं घेणार न्हाई."

बन्सीधर मला घेऊन परत फिरले. वाटभर त्यांचा हात सदऱ्यावरून माझ्यावर दाबलेला होता. मला वाटलं, हा भित्रा मला पुन्हा कुठल्या तरी गठ्ठ्यात कोंबणार.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी प्रार्थनेला सगळी मुलं रांगेत उभी होती, कमिटीची माणसं खुर्च्यांवर होती. प्रार्थना संपली आणि बन्सीधर लंगडत पुढं आले. त्यांनी मला उलटं धरलं आणि मोठ्यानं वाचलं, दरखास्तसुद्धा आणि शेरासुद्धा. मग बूट काढला आणि आपला पाय सगळ्यांना दाखवला. "सूर्यभान सरांनी मला पाठीवर आणलं," ते म्हणाले. "आन मी त्यांच्याबद्दल खोटं बोललो."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. अध्यक्षांनी मला हातात घेऊन सही बघितली आणि आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब म्हणाले, "अक्षर माझंच हाय." एवढंच. ना माफी, ना खेद. महिन्याभरात सूर्यभान सरांना कामावर परत बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी मला वर्गात भिंतीला लावलं आणि जिथं थांबलं होतं तिथून भूगोल पुढं सुरू केला.

माझा राग मात्र गेला नाही. पुढच्या वर्षी आबासाहेब निवृत्त झाले, तेव्हा त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं, भाषणात त्यांच्या शिस्तीचं कौतुक झालं. मी भिंतीवरून ते ऐकत होतो.

म्हणून तुम्हांला कळकळीनं सांगतो, मित्रांनो. नकाशाला ओल लागू देऊ नका, वेड्यावाकड्या घड्या घालू नका, हे तर आहेच. पण नकाशा काढणारा माणूस समोर उभा राहून काही सांगत असेल, तर त्याचं तिथंच आणि तेव्हाच ऐका. तो कोणत्या वाड्यातून आला ते विचारत बसू नका. मागाहून मला उलटून वाचलंत, तर मी खरं तेच सांगेन, पण तोवर कोणाची तरी बोटं गेलेली असतात.