परतीची ओळ

"माझा आवाज कुठाय?" सोआझिगने विचारलं.

रिवालने सफरचंदाच्या सायडरची वाटी तोंडाला लावली ती लावलीच. एके काळी ड्रम बडवून लोकांचे कान किटवणारा हा माणूस आज वाटीआड तोंड लपवत होता.

सकाळीच तो नवी रेकॉर्ड काखोटीला मारून तिच्या दुआर्नेने बंदरातल्या घरी आला होता. तरुणपणी त्यांच्या बँडने काढलेली ती एकुलती एक रेकॉर्ड, पॅरिसच्या कुणा कंपनीने मूळ टेपवरून पुन्हा बाजारात आणलेली. इलेक्ट्रिक गिटार, बॅगपाइप, आणि त्यावर त्यांच्या ब्रेटन भाषेतली नाचाची जुनी गाणी. गाणारी दोघं, सोआझिग आणि तिचा भाऊ गोल्वेन. त्याने ओळ म्हणायची, तिने शेवटचे शब्द त्याच्याबरोबर उचलून तीच ओळ त्याला परत करायची. ओळ परत आल्याशिवाय पहिल्याने पुढे जायचं नाही, हा तिकडचा गावोगावचा रिवाज. पुढे गोल्वेन मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच; समुद्राने त्याची टोपीसुद्धा परत दिली नाही. सोआझिगने कारखान्यात सार्डिन माशांचे डबे भरण्यात जन्म काढला. घरातली जुनी रेकॉर्ड झिजून नुसती खरखरायला लागली, तेव्हापासून गोल्वेनचा आवाजही गेला होता.

"अगं, ते म्हणाले, तीच ओळ दोनदा येते, गाणं उगाच लांबतं. तुझ्या ओळी कापल्या आणि सांधून टाकलं."

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. नाही तर काढलीच नसती त्यांनी. म्हटलं, निदान गोल्वेन तरी राहील."

"ब्रेटनच ना रे तू? की तुलाही कापून सांधलंय?"

रिवाल कसनुसा हसला. तिने केलेला लोण्याचा केक त्याच्यापुढे तसाच पडून होता.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

गोल्वेनची ओळ संपत आली. तिने सवयीने शेवटचे शब्द उचलले, श्वास घेतला, आणि तोवर तो पुढच्या ओळीवर निघूनही गेला होता. सोआझिग जागच्या जागी थिजली. बोट बुडाल्याची खबर आली तेव्हाही तिला एवढा धक्का बसला नव्हता. तेव्हा निदान दोष समुद्राचा होता. गाताना तिला टाकून तो कधीच पुढे गेला नव्हता.

"बंद करू का गं?" रिवालने घाबरत विचारलं.

"हात लावू नकोस."

ती उठली. खाऱ्या पाण्याने वाकड्या झालेल्या बोटांनी तिने गाणं पहिल्यापासून लावलं. ओळीच्या शेवटी तिने भावाचे शब्द धरले आणि चटकन सुई उचलली. खोली एकदम गप्प झाली. मग उभ्याउभ्याच, फाटक्या आवाजात, तिने आपली ओळ अख्खी म्हटली. टेबलाखाली रिवालचा पाय ताल देत होता.

तिने सुई हलकेच खाली ठेवली. गोल्वेन पुढची ओळ गाऊ लागला.