ठिबकची नळी

रॉस पॅस्कोचा हात पटकन सुटतो हे ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिशाच्या कारखान्यात दोनदा, पबमध्ये किती वेळा याचा हिशेब नाही, आणि घरात बायकोवर. जनीन शेवटी निघून गेली तेव्हा कोर्टाने त्याला बजावलं, आणखी एकदा कुणावर हात उचललास तर मुलीची भेट कायमची बंद. मुलगी म्हणजे ब्रॉन, तेरा वर्षांची. महिन्यातले दोन रविवार ती त्याच्या वाट्याला यायची. त्या दोन रविवारांसाठी रॉसने सोळा महिने हात खिशात ठेवले होते. गावात यावर पैजा लागल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांनी त्याच्याविरुद्धच लावल्या होत्या.

हात खिशात ठेवले तरी राग कुठेतरी जायला हवा. तो गेला गाडीत. सतरा वर्षांची टर्बो फाल्कन, छताचा रंग उडालेला, एक दार दुसऱ्याच रंगाचं. भंगारवाल्याकडून त्याने नव्या मॉडेलचा, इंजिनात जाणारी हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर आणला, पेट्रोलचा पंप जुन्या बाजारातून, सायलेन्सरचा पाइप स्वतः वेल्ड केला, आणि दाब वाढला की इंजिन आपोआप बंद पाडणारी सोय एका मित्राकडून काढून घेतली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तशातली गत. पण रॉसला मसालाही चार आण्यातच बसवायचा होता.

टर्बोचं असं असतं. इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर ते फिरतं आणि इंजिनात हवा कोंबतं. पुरे झालं की एक झाकण उघडतं, जास्तीचा धूर बाजूने निघून जातो. झाकण कधी उघडायचं ते एका बारीक नळीतला दाब ठरवतो. त्या नळीत अठरा डॉलरची तोटी बसवली की झाकण उशिरा उघडतं आणि गाडी पिसाळल्यागत पळते. तोटी विकणारा म्हणाला, सोबत चांगली, उष्णता सोसणारी नळी घे. रॉस म्हणाला, नळीला कसले पैसे मोजायचे? घरामागे टोमॅटोच्या वाफ्यात ठिबकची काळी नळी उरली होती. त्याने हातभर कापली आणि बसवून टाकली.

भेटीच्या एका रविवारी बेव्हच्या शेडमध्ये डायनो होता. बेव्ह साठीची, बिनलग्नाची, गावातल्या निम्म्या गाड्यांची आई. तिच्या शेडमध्ये जमिनीत दोन रोलर होते. गाडी पट्ट्यांनी बांधून रोलरवर पळवायची, जागच्या जागी, आणि किती ताकद निघाली तो आकडा फळ्यावर लिहायचा. सगळ्यांत मोठा आकडा काढेल त्याला खाटकाकडचा मटणाचा ट्रे. बाहेर पत्र्यावर सॉसेज आणि कांदा परतत होता. नियम एकच होता आणि तो बेव्हच्या बापापासूनचा. पट्टे आवळले की बॉनेटखाली मालकाशिवाय कुणाचा हात जाता कामा नये.

ब्रॉनला सोडायला सॅल आला होता. सॅल आता जनीनच्या घरी राहायचा. बोटवाला, कोळंबी धरायचा, बोलायला कंजूस. ब्रॉनने त्याला हाताला धरून आत आणलं.

"खाऊन जा ना सॅल. आईला मी सांगते."

"तुझ्या बापाला आवडणार नाही, पोरी."

"त्याला काहीच आवडत नाही. कांदा जास्त घेऊ?"

रॉसने हे ऐकलं. त्याला ते झोंबलं, पण हात खिशातच राहिले.

"काय रे मासेमाऱ्या," तो म्हणाला, "गाड्यांचा वास सोसतो का तुला?"

"तुझ्या गाडीचा नाही सोसत," सॅल म्हणाला. सगळे हसले, ब्रॉन सगळ्यांत मोठ्याने.

पहिल्या फेरीत फाल्कनने तीनशे चाळीसचा आकडा काढला. फळ्यावरचा पहिला क्रमांक तीनशे एकावन्न. बेव्हने बोटाने खूण केली, आणखी एक? रॉसने मान डोलावली. गाडी थंड करायचा मोठा पंखा घोंघावत होता, बॉनेट उघडं होतं, आणि बॉनेटखालच्या फटीतून रॉसला ड्रायव्हरच्या सीटवरून एक हात दिसला. केसाळ, खाऱ्या पाण्याने रापलेला हात. थेट तोटीच्या जागी.

"हात काढ!" रॉस गरजला.

सॅलने झटक्यात हात बाहेर ओढला आणि काहीतरी म्हणाला. पंख्याच्या आवाजात ते कुणालाच ऐकू आलं नाही. तो खिडकीशी यायला निघाला, तशी रॉसने काच वर केली. सॅलचा सल्ला त्याला नको होता. आकडा काढायचा, मटणाचा ट्रे जिंकायचा, तोही पोरीच्या डोळ्यांसमोर. त्याने पॅडल तळापर्यंत दाबलं.

चार सेकंद गाडी कधी पळाली नव्हती तशी पळत राहिली. दाबाचा काटा चढला, आणखी चढला, आणि थांबेचना. मग शेडमध्ये तोफ डागल्यासारखा आवाज झाला. इंजिनाच्या कुशीतून मनगटाएवढा लोखंडी दांडा बाहेर पडला आणि समोरच्या पत्र्यात घुसला. उकळतं तेल छतापर्यंत उडालं. पट्टे कचकन ताणले गेले, मागची चाकं रोलरवर आडवी नाचली, आणि बॉनेटखाली आग लागली. कुणीतरी ब्रॉनला मागे खेचलं. बेव्ह आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावली.

रॉस बाहेर पडला तो आगीकडे नाही, सॅलकडे.

पहिला ठोसा गालाच्या हाडावर बसला आणि हाड आत गेलेलं रॉसला मुठीत कळलं. सॅल पडला. रॉसने त्याचं डोकं केसांनी धरून रोलरच्या लोखंडी कडेवर आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. दात फरशीवर पडले. सॅल एक हात वर करत होता, तळवा उघडा ठेवून, काहीतरी दाखवत असल्यासारखा. रॉसने तो हातही बुटाखाली घेतला आणि भार दिला. बोटं मोडल्याचा आवाज आला. सोळा महिने साठलेलं सगळं बाहेर येत होतं आणि, खोटं कशाला बोलायचं, त्याला बरं वाटत होतं. बाकीचे गडी भिंतीला चिकटून उभे होते. रॉस लोखंडी पान्याकडे वळला तेव्हा बेव्हने आग विझवून नळकांड्यात उरलेली सगळी पांढरी पूड त्याच्या तोंडात आणि डोळ्यांत सोडली, आणि तो खोकत गुडघ्यावर आला तशी रिकाम्या नळकांड्याचा तळ त्याच्या खांद्यावर घातला. तो आडवा झाला.

"त्याने तोटी फिरवली," रॉस खोकत म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

बेव्हने विझलेल्या इंजिनावर वाकून बॅटरी मारली. तोटीवर रॉसने खडूने केलेली खूण होती, ती जशीच्या तशी होती. तोटीच्या खाली तापलेल्या पाइपवर काळं, चिकट काहीतरी लोंबत होतं.

"हे काय लावलं होतंस?"

"नळी."

"कसली?"

रॉसने तोंडावरची पूड पुसली.

"ठिबकची," बेव्ह म्हणाली. "वितळली. झाकणाला सांगायला कुणी उरलंच नाही, मग ते उघडणार कसं?" ती सॅलजवळ गुडघे टेकून बसली आणि त्याचा मोडका हात हळूच उलटा केला. बोटांच्या टोकांना फोड आले होते आणि फोडांवर काळं प्लास्टिक चिकटलं होतं. "हा ती पाइपपासून बाजूला करत होता, गाढवा. वास त्यालाच आला. आम्ही सगळे सॉसेजच्या वासात."

सॅल तोंडातून रक्ताचे बुडबुडे काढत श्वास घेत होता.

अँब्युलन्स यायच्या आत शेडमध्ये ठरलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, मोठ्याने तर नाहीच. त्या गावात नवरा-बायकोचं पटलं नाही तरी चालतं, पण पोलिसांकडे चहाडी करणाऱ्याला पुन्हा कुणी दारात उभं करत नाही. पत्र्यात लोखंडी दांडा घुसलेला होताच.

सार्जंटबाई आली. तिने आधी दांडा पाहिला, मग सॅल, मग भिंतीशी बसलेला रॉस. रॉसला ती नावाने ओळखत होती.

"इंजिनाचा तुकडा उडाला," बेव्ह म्हणाली.

"तोंडावर?"

"तोंडावर."

गड्यांनी माना डोलावल्या. स्ट्रेचरवरून सॅलने उरलेल्या हाताचा अंगठा वर केला. का, ते रॉसला कळलं नाही. त्याच्यासाठी तर नक्कीच नव्हता तो अंगठा.

सार्जंटबाई ब्रॉनसमोर उकिडवी बसली. "तू इथेच होतीस?"

"हो. मी जवळच होते." ब्रॉनचा आवाज साधा होता. "आवाज झाला आणि तुकडा सॅलच्या गालाला लागला. तो पडताना रोलरच्या कडेवर आपटला, त्यात दात गेले. हात त्याने आधीच भाजून घेतला होता, आणि पळापळीत कुणाचा तरी पाय पडला त्याच्यावर. डॅडने त्याला उचललं. म्हणून डॅडच्या मुठीला रक्त आहे."

मुठीबद्दल तिला कुणी विचारलं नव्हतं. रॉसला स्वतःलाही ते रक्त आठवलं नव्हतं. पोरीने सगळं आधीच जुळवून ठेवलं होतं, आणि बोलताना ती सार्जंटबाईच्या डोळ्यांत बघून थोडीशी हसतही होती, त्रास दिल्याबद्दल माफी मागितल्यासारखी.

ते हसू रॉसने पाहिलेलं होतं. इस्पितळात, डॉक्टरसमोर, जनीनच्या तोंडावर. मीच वेंधळी हो, कपाटाचं दार उघडं राहिलं. तेव्हा रॉस तिच्या कोपराशी उभा राहायचा आणि ती किती छान निभावते म्हणून त्याचा जीव भांड्यात पडायचा. ब्रॉन तेव्हा बाहेर बाकावर पाय हलवत बसलेली असायची. म्हणजे खोलीचं दार उघडंच असायचं, आणि तिला सगळं ऐकू जायचं. आत्ताही त्याचा जीव तसाच भांड्यात पडला होता, आणि ते त्याला कळलं.

"ती खोटं बोलतेय," रॉस म्हणाला.

"रॉस, तोंड मिट," बेव्ह म्हणाली.

"मी मारलं. गालावर मुठीने. मग डोकं आपटलं, दोनदा. बोटं मी बुटाने मोडली. त्याने काही केलं नव्हतं."

सार्जंटबाई उठून उभी राहिली. ब्रॉन तिच्या आधी त्याच्यापाशी पोचली. मुठी आवळून ती त्याच्या छातीवर, दुखऱ्या खांद्यावर मारत सुटली.

"मी सगळं नीट सांगितलं होतं," ती म्हणत होती. "सगळं नीट सांगितलं होतं मी. आता रविवारी मी काय करू?"

रॉसने हात खाली ठेवले. सार्जंटबाईने मुलीला बाजूला घेतलं आणि त्याला बेड्यांसाठी हात पुढे करायला सांगितलं.