फळीवरच्या रेघा

मिस्त्री गेले आणि आठ महिन्यांनी त्यांच्या गॅरेजची खोली झाली. मुलाने मोबाइलमधले फोटो दाखवून सुताराला सांगितलं होतं, "मॉडर्न हवं, पण रस्टिक." म्हणजे शटरच्या जागी काच, गिलावा खरवडून उघड्या विटा आणि इंजिन उचलायच्या साखळीला दिवा.

"नवं करायचं, पण केलंय असं दिसू द्यायचं नाही," सुतार म्हणाला. "जुनं दिसायला फार खर्च येतो, काकू."

"मला तर फुकटात जमलंय," मिस्त्रींच्या मागे उरलेल्या काकू म्हणाल्या.

काकूंना एकच हवं होतं: स्वतःचं दार. घर भाड्याने जाणार होतं. ही खोली मानवली तर ठीक, नाहीतर मुलाच्या फ्लॅटवर, नातीच्या खोलीत गादी टाकून राहायचं. रविवारच्या आत सांगायचं होतं.

हत्यारं सगळी विकली. मागची भिंतभर असलेली हत्यारांची लाकडी फळी मात्र सुताराने घासून कोरी केली आणि पॉलिश मारून ठेवली. मिस्त्रींची शिस्त अशी, की हत्यार फळीला लावायचं, त्याच्याभोवती काळ्या रंगाने रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी खिळा ठोकायचा. एखादा आकार रिकामा दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे. एकदा एका पान्यासाठी तीन बस बदलून ते गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभे राहिले होते.

"एक दिवस मलाही टांगाल," काकू म्हणायच्या. मिस्त्री हसायचे नाहीत. विचार करायचे.

राहायला आल्याच्या तिसऱ्या सकाळी फळीवर एक नवा आकार होता. कात्रीचा. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या काकूंनी आपली कात्री लगेच ओळखली. दुसऱ्या दिवशी तिथे खिळा होता. मग चष्मा उमटला. मग कप, कानाचा टवका उडालेला.

त्यांनी सुताराला फोन केला.

"मी कशाला कप काढू, काकू? पॉलिश उडालं असेल."

"खिळ्यासकट?"

फोन ठेवून काकूंनी कात्री अडकवून पाहिली. चपखल बसली. मग चष्मा आणि कपही टांगले. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंही वाटलं.

शुक्रवारी सकाळी फळीवर बाई होती. पुरी उंची, मशीनवर बसून बसून उतरलेला डावा खांदा. काकू दोन पावलं मागे सरल्या. पण कंबरेपाशी त्यांची नजर अडली. त्यांनी टेप आणून लावली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"अहो, ही तिशीतली मी. आता कुठली एवढीशी कंबर?"

आणि हाताला लागलेली सवय. आयुष्यभर त्यांनी मापं मोठ्याने सांगितली होती आणि मिस्त्रींनी वहीत लिहून घेतली होती. चुकलेलं माप काकूंना कधी तसंच सोडवलं नव्हतं. त्यांनी टेप स्वतःला गुंडाळली. "खांदा सोळा. कंबर अडतीस. लिहिलंत?"

बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला. खोलीत काही हललं नाही.

शनिवारी रेघ सुधारलेली होती. बोट लावलं तर ओली. म्हणजे खिळा उद्या.

काकूंनी बॅग भरली. फळीवरून कात्री, चष्मा, कप काढले आणि मुलाला फोन लावला.

"काय ठरलं, आई? तुझी नात विचारतेय, तिने कपाट रिकामं केलंय तुझ्यासाठी."

काकूंनी वळून फळीकडे पाहिलं. चार आकार रिकामे. एका पान्यासाठी तीन बस, त्यांना आठवलं. आणि आता ते ज्या दारात येऊन उभे राहतील, त्यामागे नातीची खोली.

"आई?"

"इथेच राहते," त्या म्हणाल्या. "सवयीची जागा आहे. तिला सांग, कपाट भरून टाक."

कप, चष्मा, कात्री, सगळं जिथल्या तिथे अडकवलं. मग पदर सारखा करून त्या फळीवरच्या आपल्या आकाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. रेघ कुठेही बोटभर सैल नव्हती. खिळा कुठे मारणार, तेवढंच कळायचं राहिलं होतं.